काय नाय, घरीच हाय

आमच्या गडबमध्ये ‘सध्या काय करतंस?’ या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत. ‘कामाला हाय’ हे एक, आणि ‘काय नाय, घरीच हाय’ हे दुसरं. तिसरं उत्तर देणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

कोणतं उत्तर कोण देतो, हे मात्र बघण्यासारखं असतं. माझ्या चुलतभावाचंच घ्या. पहाटे ओहोटी बघून हा पाग खांद्यावर टाकतो आणि खाडीवर जातो. उजाडेपर्यंत चार चिंबोऱ्या, मूठभर कोळंबी आणि नशीब जोरावर असेल तर जिताड्याचं एखादं पिल्लू घेऊन परततो. मग गोठा. मग वालाच्या शेताला कुंपण, कारण आदल्या रात्री कोणाची तरी म्हैस आत जेवून गेलेली असते. दुपारी मेव्हण्याच्या घराचा स्लॅब पडतोय म्हणून तिथे घमेली उचलायला. संध्याकाळी वहिनी पापडाचं पीठ घेऊन बसल्या की त्याला दणके घालायला. रात्री आठच्या सुमारास हा नाक्यावर येतो. चहावाला विचारतो, “काय करतंस रं सध्या?” आणि हा टॉवेलने मान पुसत सांगतो, “काय नाय. घरीच हाय.”

त्याचा भाचा एका कारखान्याच्या फाटकावर असतो. ट्रक आला की बटण दाबतो, दांडा वर जातो. ट्रक आत गेला की पुन्हा बटण दाबतो, दांडा खाली येतो. दोन ट्रकांच्या मध्ये तो मोबाइलवर कबड्डीचे सामने बघतो. हा ‘कामाला’ आहे. खरं तर गावात त्याच्याबद्दल ‘कंपनीत चिकटला’ असं म्हणतात. इतर मराठी मुलखात माणूस नोकरीला लागतो, आमच्याकडे चिकटतो. बांधाला शिंपला चिकटतो तसा, आणि कोण कधी उपटून काढेल याची धाकधूक मनात ठेवून.

मी स्वतः सत्तावीस वर्षं मुंबईत कामाला होतो. नेमकं काय काम करत होतो, हे मला बायकोला कधी समजावून सांगता आलं नाही. एका खात्याकडून तक्ता यायचा, त्यातल्या दोन रकान्यांची अदलाबदल करायची आणि तो दुसऱ्या खात्याकडे पाठवायचा. माझा असा संशय आहे की ते खातं रकाने पुन्हा जिथल्या तिथे ठेवत असावं. पगार मात्र दर महिन्याला यायचा, त्यामुळे हा संशय मी कधी वर कळवला नाही.

अशात एका वाढदिवसाला मुलीने एक इंग्रजी पुस्तक दिलं आणि घरात आजार शिरला. मॅथ्यू क्रॉफर्ड नावाचा अमेरिकन. शिकागो विद्यापीठाची राजकीय तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट, वॉशिंग्टनमध्ये एका अभ्याससंस्थेत मोठ्या हुद्द्याची नोकरी. ती त्याने काही महिन्यांत सोडली आणि व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. हाताच्या कामात डोकं जास्त लागतं आणि समाधानही जास्त मिळतं, असं सांगणारं ‘शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट’ हे पुस्तक त्याने 2009 मध्ये लिहिलं. मी ते लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि कुर्ला येईतो ठरवून टाकलं की आपले हात वाया चाललेत. पुढे कचेरीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा पहिला अर्ज माझा होता. साहेबांनी तो इतक्या तत्परतेने मंजूर केला की मनाला थोडं लागलं.

तर, हाताचं काम शोधायचं. सुसह्य असावं, जमल्यास समाधान देणारं असावं, आणि संध्याकाळी आपण काय केलं ते बोटाने दाखवता यावं. या तीन अटी घेऊन मी गडबला वडिलोपार्जित घरी येऊन थडकलो. मोरीतला नळ आल्या दिवसापासून गळत होता. पण माझ्यापुढे मोठे प्रश्न होते.

मुंबईहून गोव्याला जाणारा माणूस गडबला ओळखत नाही. वडखळच्या कोंडीत गेलेला त्याचा जीव डोलवी ओलांडताना हळूहळू परत येत असतो, आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा आमटेम आलेलं असतं. त्यामुळे या गावाची जागा किती मोक्याची आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वेला डोंगराकडे, आमच्याच पेण तालुक्यात, गागोदे हे गाव. तिथे 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा जन्मले. दक्षिणेला रोहा, जिथे 19 ऑक्टोबर 1920 रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. श्रमाला यज्ञ म्हणणारा एक आणि श्रमाला भक्ती म्हणणारा दुसरा, असे दोन महापुरुष दोन अंगांना, आणि मध्ये गडब. इथे श्रमाला ‘कंत्राटी’ म्हणतात.

विनोबांनी नुसतं सांगितलं असतं तर आपण माना डोलावून मोकळे झालो असतो. पण त्यांनी सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच जेवायचं, असा प्रयोग वर्ध्याजवळ नालवाडीला करून पाहिला. पुढे पवनारच्या आश्रमात बैलांशिवाय, नुसत्या कुदळीने शेती केली. फावडं घेऊन रोज सुरगावला चालत जायचे आणि गावाची घाण उपसायचे. पांडुरंगशास्त्रींनी योगेश्वर कृषी काढली. गावाचं एक शेत ठेवायचं, प्रत्येकाने वर्षातले काही दिवस तिथे पुजारी म्हणून राबायचं आणि आलेलं पीक कोणा एकाचं म्हणायचं नाही. 1996 साली त्यांना मॅगसेसे आणि 1997 साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला. माझ्या चुलतभावाला मी हे सगळं ओट्यावर बसून तासभर समजावलं. तो जाळ्याची फाटकी गाठ बांधत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हंजे ह्ये दोघं पन घरीच व्हतं.”

पहिला प्रयत्न मी रीतसर केला, म्हणजे कंपनीत. नव्वदच्या दशकात डोलवीला इस्पात आली, 2010 मध्ये ती जेएसडब्ल्यूकडे गेली, पण गावात अजून ‘इस्पात’च म्हणतात. नागोठण्याच्या कारखान्यावर रिलायन्सची पाटी लागूनही म्हातारी माणसं ‘आयपीसीएल’च म्हणतात. रोह्याला धाटावची एमआयडीसी. या टापूत पोरगं दहावी झालं की घरात एकच चर्चा असते, पेणच्या आयटीआयला फिटर की वेल्डर. मी कुठे गेलो ते सांगत नाही. या टापूत धुराडी पुष्कळ आहेत, त्यांतलं एक धरा.

तिथे ‘शटडाऊन’ होतं. म्हणजे यंत्रं बंद ठेवून त्यांची साफसफाई आणि दुरुस्ती. या दिवसांत कंत्राटदारांना माणसं कमी पडतात आणि चालणारा, बोलणारा कोणीही चालतो. कंत्राटदाराच्या माणसाने माझं आधार कार्ड उलटसुलट करून बघितलं. “वय जास्त हाय, काका.” मी क्रॉफर्डचं नाव काढलं नाही, एवढं शहाणपण मला होतं. वैद्यकीय तपासणी झाली, सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, टोपी मिळाली, लोखंडी नाकाचे बूट मिळाले. या सगळ्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गेटपास मिळाला आणि कळलं की माझी नेमणूक हाऊसकीपिंगला आहे. हे नाव ऐकून मी जरा सुखावलो होतो. मराठीत त्याला झाडू म्हणतात.

पण एक शब्द तिथे मनाला भावला. अवजड वस्तू दोर लावून, पुली लावून उचलणारे जे लोक असतात त्यांना कारखान्यात ‘खलाशी’ म्हणतात. ज्यांचे आजे धरमतरच्या खाडीत पडावावर खलाशी होते, त्यांचे नातू कोरड्या जमिनीवर खलाशी झालेत. दोराची गाठ तीच. एका खलाशाने शेकडो किलोचा पाइप हातवारे करत, शिट्टी मारत, वाटीत वाटी ठेवावी तसा खाली उतरवला. मी झाडू टेकून बघतच राहिलो. हे काम! मी त्याला म्हणालो, “काय हात आहे हो तुमचा.” त्याने बुबुळं तेवढी माझ्याकडे वळवली. “हाताला काय विचारताव? सात वर्सां झाली, अजून कंत्राटीच.” नंतर सुपरवायझर आला आणि मी झाडू टेकून उभा असल्याचं त्यानेही बघितलं. माझी औद्योगिक कारकीर्द तिथे संपली. बूट परत घेतले.

दुसरा प्रयत्न चैत्रात. माझी आत्येबहीण जोह्याला दिलेली. पेणच्या उत्तरेला हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत कोणत्याही घरात डोकावा, गणपतीच गणपती. ओटीवर, पडवीत, माडीवर, मांडवात. पेण शहरात रुजलेली ही कला या गावांत अशी पसरली की आता माणसांनी कुठे झोपायचं, हा प्रश्न भाद्रपद येईपर्यंत सुटत नाही. घरातली आजी दोन दहा फुटी गणपतींच्या मधल्या फटीत चटई टाकून दुपारची झोप घेते. इतक्या जवळून देवाचं सान्निध्य काशीतही मिळायचं नाही.

या जागेला ‘कारखाना’ म्हणतात, त्यामुळे मी नाक्यावर छातीठोकपणे ‘कारखान्यात लागलो’ असं सांगू शकलो. चहावाल्याने एकदम आदराने बघितलं. “कंच्या?” “गणपतीच्या.” “मंग घरीच हाय म्हन की.”

मला पॉलिश पेपर दिला. साच्यातून काढलेल्या मूर्तीला जिथे दोन भाग जुळलेले असतात तिथे एक बारीक कणा उठतो. तो घासून नाहीसा करायचा. ऐकायला सोपं आहे. सोंडेच्या आतल्या वळणात बोट जात नाही, कागद दुमडला तर खड्डा पडतो, आणि बोटांच्या मधल्या फटी म्हणजे छळ आहे. नवशिक्याला आधी उंदीर देतात. पहिल्या दिवशी मी अकरा उंदीर घासले, त्यांतल्या दोघांचे कान राहिले नाहीत. आत्येबहीण म्हणाली, “असूं दे, दादा. कानाचा काय, परत लावूं.” बाजूला बसलेल्या बायकांनी तोपर्यंत गप्पा मारता मारता गणपतींच्या तीन रांगा संपवल्या होत्या. मजुरी नगावर असते. मी पहिल्या आठवड्यात जे कमावलं त्यात माझ्या येण्याजाण्याचा खर्च सुटला नाही. विनोबांचा प्रयोग मी करायला गेलो असतो तर उपाशी मेलो असतो.

पण खोटं कशाला बोलू, मला तिथे मजा आली. उंदीर हातात खरखरीत येतो आणि गुळगुळीत होऊन जातो. सत्तावीस वर्षांत एकही तक्ता माझ्या हातून गुळगुळीत होऊन गेला नव्हता. दुसरं म्हणजे त्या बायकांचं बोलणं. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणत्या बचत गटात कोणी हप्ता चुकवला, कोणत्या मालिकेत कोण पुन्हा जिवंत झालं. मी दोन आठवड्यांत निष्कर्ष काढला की कामाचा कंटाळा कामात नसतो, शेजारी कोण बसलंय त्यात असतो. कचेरीत माझ्या शेजारी सत्तावीस वर्षं एक कपाट होतं.

मूर्तीची खरी वेळ म्हणजे डोळ्यांची आखणी. अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी काम इथवर सगळे हात चालतात. डोळे मात्र एकाच माणसाचे. आमच्या कारखान्यात तो चोवीस वर्षांचा पोरगा होता. तो आला की रेडिओ आपोआप बंद व्हायचा. मूर्तीसमोर उकिडवा बसायचा, श्वास धरायचा आणि ब्रशच्या एका ओढीत पापणीची रेघ काढायचा. मग दुसरी. त्या क्षणापर्यंत जी वस्तू मी बेडरपणे घासत होतो, ती एकदम माझ्याकडे बघायला लागायची. मी नकळत हात जोडायचो, आणि लगेच त्याच देवाच्या एका उंदराचे कान आपण घालवलेत हे आठवून खाली बघायचो.

माझ्या सगळ्या अटींना हा पोरगा पुरून उरला होता. हातात कला, कामाला शेवट, संध्याकाळी बोटाने दाखवता येण्याजोगं काम, आणि त्या कामाला लोक नमस्कार करणार. क्रॉफर्डला इथे आणून बसवावं असं वाटलं. एकदा चहाच्या वेळी तो माझ्याजवळ सरकला. मला वाटलं, रेघेचं गुपित सांगतोय. तो हळूच म्हणाला, “काका, तुमी मुंबैला मोठ्या हापिसात व्हताव ना? कंपनीत कोनाशी वलख हाय का? गेटवर परला तरी चालल.”

मी म्हणालो, “अरे, तू डोळे काढतोस आणि तुला दांडा वर-खाली करायचाय?”

“पोरी बघाला जाताव तवा पयला काय इचारतात? कायम हाय का. डोलं कोन इचारतंय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझं लग्नही मी कायम झाल्यावरच ठरलं होतं. त्या वेळी मी रकाने किती सुबकपणे बदलतो हे सासऱ्यांनी विचारलं नव्हतं.

पाऊस लागला आणि मी आपल्याच शेतात उतरलो. लावणीबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तिच्यावर मुंबईकरांनी फोटोंसह भरपूर लिहिलेलं आहे. फोटोत कंबर दिसत नाही. खाऱ्या शेतात लावणीऐवजी पुष्कळदा रहू टाकतात, म्हणजे मोड आणलेलं भात सरळ चिखलात फेकतात. ही युक्ती ज्याने काढली तो माझ्यासारखाच दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठू न शकलेला माणूस असणार, याबद्दल मला शंका नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. खारं पाणी सोसणाऱ्या कंबरेवर कोणी संशोधन केलेलं ऐकिवात नाही.

अंथरुणावर पडल्या पडल्या आमच्या नानांशी गप्पा व्हायच्या. नाना माझे चुलतचुलते, ऐंशी पार केलेले, आणि कामाबद्दल बोलायचा अधिकार असलेले घरातले एकमेव. मी त्यांच्यापुढे श्रमाचं तत्त्वज्ञान मांडलं. माणसाला श्रमात समाधान का मिळत नाही, वगैरे. नाना म्हणाले, “कन्ची मान्सां? चरीवाल्यांनी तं कामच बंद केलता.”

हे मी विसरलोच होतो. काम करण्याबद्दल विनोबा, शास्त्रीजी, क्रॉफर्ड सगळे बोलले. पण काम न करण्याच्या बाबतीत आमच्या खारेपाटाचा हात कोणी धरू शकणार नाही. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातल्या चरीला 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. राबायचं कुळाने आणि भात जायचं खोताच्या कोठारात, म्हणून मग राबायचंच नाही. एक हंगाम नव्हे, दोन नव्हेत, सुमारे सहा वर्षं त्यांनी नांगर धरला नाही. जंगलातली लाकडं विकली, खाडीतली मासळी खाल्ली, पण शेतं पडीक ठेवली. शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांसमोर शेत पडीक बघणं म्हणजे काय, हे मी नळ गळका ठेवणाऱ्या माणसाने सांगू नये. नाना तेव्हा जन्मलेलेही नव्हते, पण सांगताना असे सांगतात की जणू संप त्यांच्याच अंगणात झाला. “कामाला कोन भ्येतंय? भात कोनाच्या घरी जातंय, त्यो इचार.”

माझ्या तीन अटींत ही अट नव्हती. मी ती मनातल्या मनात चौथी म्हणून घालून घेतली आणि पाठीला तेल लावून झोपलो.

श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड पडली.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची शेतं म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन आहे. खाडीच्या बाजूने मातीचा बांध, त्यात पावसाचं पाणी सोडायला उघाडी, आणि आत भात. बांध कुठेही फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणतात. भरतीचं खारं पाणी एकदा आत आलं की त्या वर्षीचं पीक गेलंच, पुढच्या वर्षीचंही निम्मं जातं. पूर्वी बांध राखायची खारेपाटातली रीत म्हणजे जोळ. घरटी एक माणूस यायचा. मजुरी नाही, हजेरी नाही, मुकादम नाही. जो आला नाही त्याला कोणी काही बोलायचं नाही, फक्त त्याच्या घरच्या लग्नात मांडव घालायला कोणी जायचं नाही. 1948 साली मुंबई राज्याने खारभूमीचा कायदा केला, 1979 साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा आणला, आणि बांध सरकारी योजनेत गेले. बांधाला अंदाजपत्रक मिळालं, निविदा मिळाली. जोळ आटली. समुद्राला मात्र निविदेची मुदत कळवायची कोणी व्यवस्था केलेली नाही.

नानांनी पहाटे काठी दारावर आपटली. “ऊठ. ववटीला सा तास हायत.” मी म्हणालो, माझी कंबर. नाना म्हणाले, “तुझी ठेव घरी, बाकीचा ये.”

बांधावर गेलो तर निम्मं गाव. चुलतभाऊ गुडघाभर चिखलात. त्याचा फाटकावरचा भाचा नाइट करून आलेला, तसाच. जेसीबी बोलावलं होतं, ते बांधापासून फर्लांगभर अलीकडे चिखलात रुतून बसलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्या टपावर उकिडवा होता. मग फावडी. दोघे तिघे खालच्या निब्बर चिखलाचे चौकोनी तुकडे कापत होते आणि तिथून खांडीपर्यंत माणसांची रांग. तुकडा या हातातून त्या हातात. मला रांगेत घेतलं, कारण रांगेत वाकायला लागत नाही.

पहिला तुकडा मी पाडला. दुसरा माझ्या पोटावर बसला. तिसऱ्यापासून काहीतरी झालं. डावीकडून येणाऱ्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचे, वजन येतं, ते उजवीकडे वळवायचं, सोडायचं. माझ्या उजवीला शटडाऊनवाला तो खलाशी होता. मला त्याने ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. डावीला गावातले एक निवृत्त गुरुजी, जे दर पंधरा-वीस तुकड्यांनंतर एक चावट विनोद सांगत होते आणि रांगेच्या टोकापर्यंत तो तुकड्याबरोबर पोचेतो त्याचा आणखी चावट झालेला असायचा. खांडीत बांबू ठोकले होते, त्यांच्यामागे पेंढा दाबत होते, वर आमचा चिखल. पाणी मागे सरलेलं, पण ते परत येणार हे प्रत्येकाला ठाऊक. कोणी घड्याळ बघत नव्हतं, सगळे खाडी बघत होते.

भरती आली तेव्हा बांध कमरेएवढा झाला होता. पाणी येऊन टेकलं, दोन जागी पाझरलं, तिथे चुलतभावाने पायाने चिखल दाबला, आणि मग ते नुसतंच टेकून उभं राहिलं. बराच वेळ कोणी हललं नाही. मग गुरुजींनी बिडी मागितली.

परत येताना अंगावरचा चिखल वाळून कडक झाला होता आणि बोटं मिटत नव्हती. वाटेत फोन वाजला. कोपराने उचलला. कुठल्या तरी बँकेतून एक मुलगी बोलत होती. माझ्या खात्याची माहिती अद्ययावत करायची होती. नाव झालं, पत्ता झाला, जन्मतारीख झाली.

“सर, सध्या आपला व्यवसाय? नोकरी, धंदा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “घरीच असतो.”

अंगणात हिने ते ऐकलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, चिखलाने भरलेले पाय आत आणायचे नाहीत म्हणून बादली पुढे सरकवली, आणि म्हणाली, “अहो, घरीच असता ना? मग तो मोरीतला नळ तेवढा बघा.”